इंग्लंडमधला 'पाच दिवसांत लायसन्स' कोर्स: नवऱ्याने करावा का, बायकोने करावा का

प्रश्न असा आहे. जोडपं नऊ महिन्यांपूर्वी रेडिंगला आलं. नवरा पुण्यात आठ वर्षं गाडी चालवत होता आणि इथेही भारतीय लायसन्सवर रोज ऑफिसला गाडीने जातो. बायकोकडे फक्त स्कूटीचं लायसन्स आहे, चारचाकीच्या स्टिअरिंगला तिने हात लावलेला नाही. भारतीय लायसन्सवर इथे गाडी चालवायची बारा महिन्यांची मुदत संपायच्या आत दोघांनी सुट्टी काढून ३० तासांचा, पाच दिवसांचा इंटेन्सिव्ह कोर्स करावा का?

दोघांसाठी एकच कोर्स घेऊ नका. प्रश्न विचारणाऱ्या नवऱ्यालाच उद्देशून सांगतो: तुम्हाला ३० तास फार होतात. वहिनींना ३० तास कमी पडतील, आणि ते पाच दिवसांत कोंबले तर त्यातले निम्मे वायाच जातील. तुमच्यासाठी आठ-दहा तासांचा छोटा कोर्स योग्य आहे, तोही परीक्षेची तारीख हातात आल्यावर. वहिनींसाठी इंटेन्सिव्ह प्रकार शेवटच्या दोन आठवड्यांत उपयोगी पडेल, त्याआधी नाही. आता कारणं सांगतो.

आधी कॅलेंडर समोर घ्या, कारण बहुतेकांचा हिशोब तिथेच चुकतो. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने गाडी चालवता येते. हे महिने तुम्ही इथले रहिवासी झालात त्या दिवसापासून मोजायचे, गाडी घेतली त्या दिवसापासून नाही. मधे महिनाभर भारतात जाऊन आल्याने मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. ज्या देशांचं लायसन्स नुसतं बदलून मिळतं त्या यादीत भारत नाही, म्हणून पूर्ण परीक्षा द्यावीच लागते. त्यासाठी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स हवं. ऑनलाइन अर्जाला ३४ पौंड लागतात, आणि इथे किमान १८५ दिवस राहण्याची परवानगी असावी लागते. ते आल्यावर थिअरी टेस्ट: २३ पौंड, ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर, शिवाय हॅझार्ड परसेप्शनच्या (रस्त्यावरचा धोका वेळीच ओळखण्याच्या) १४ चित्रफितींत ७५ पैकी ४४ गुण. दोन्ही भाग एकाच वेळी पास व्हावे लागतात, आणि तो निकाल दोन वर्षं चालतो. ती पास झाल्याशिवाय प्रॅक्टिकलची, म्हणजे गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेची, तारीख घेताच येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. प्रॅक्टिकलच्या तारखा अनेक केंद्रांवर २४ आठवड्यांपर्यंत पुढच्या मिळतात. तुमच्या हातात उरलेत तीन महिने. म्हणजे आज सगळे अर्ज केले तरी बारावा महिना परीक्षेच्या आधी उलटण्याची शक्यता जास्त, हे धरूनच चाला. मुदत उलटली की तुम्ही कायद्याने शिकाऊ होता. आठ वर्षांचा अनुभव असला तरी गाडीला 'एल' पाट्या लावायच्या, शेजारी २१ वर्षांवरचा आणि किमान तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस बसवायचा, आणि मोटरवेवर फक्त मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टरबरोबर, त्याच्या दुहेरी ब्रेकच्या गाडीतूनच जायचं. 'पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे' म्हणून एकट्याने चालवत राहिलात तर लायसन्स नाही म्हणून विमाही लागू होत नाही. विम्याशिवाय पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट (दंडगुण). हे ६ पॉइंट नव्या लायसन्सला फार महाग पडतात, ते शेवटी सांगतो.

म्हणून जाहिरातीतल्या 'एका आठवड्यात लायसन्स'चा अर्थ नीट समजून घ्या. आठवडा हा गाडी चालवण्याचा असतो, आजपासून मोजलेला नसतो. 'फास्ट-ट्रॅक टेस्ट' नावाची वेगळी रांग परीक्षा घेणाऱ्या डीव्हीएसएकडे नाही. कोर्सवाले कुणीतरी रद्द केलेल्या तारखा शोधतात, आणि हे काम सरकारी संकेतस्थळावर रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं घालवून तुम्हीही करू शकता. तारीख स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर बुक करा. आठवड्याच्या दिवशी फी ६२ पौंड, संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला ७५. ती बदलायची तर पूर्ण १० कामाचे दिवस आधी बदलावी लागते, नाहीतर फी बुडते. आधी तारीख, मग कोर्स हा क्रम सोडू नका. कोर्स मार्चमध्ये आणि परीक्षा जूनमध्ये, असं झालं की मार्चची घडी जूनपर्यंत विस्कटलेली असते, आणि मग पुन्हा 'रिफ्रेशर'चे पैसे.

आता कोर्स नेमकं काय करतो ते पाहू. गाडी चालवण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक हातापायांची: क्लच, ब्रेक, स्टिअरिंग, गिअर. दुसरी डोळ्यांची: काय बघायचं, कधी बघायचं, आणि बघितल्यावर काय ठरवायचं. पहिली गोष्ट सलग सरावाने बरीच लवकर येते. दुसरीला दिवस जावे लागतात, कारण ती सवय आहे. आज शिकवलं, रात्र गेली, परवा पुन्हा केलं, तेव्हा ती मुरते. इंटेन्सिव्ह कोर्समध्ये हे मधले दिवसच काढून टाकलेले असतात. त्यामुळे ज्याची हातापायांची बाजू पक्की आहे आणि डोळ्यांच्या दोन-तीन सवयी बदलायच्या आहेत त्याला तो लागू पडतो. ज्याला दोन्ही शून्यापासून शिकायचं आहे त्याला नाही.

तुम्ही पहिल्या गटात आहात. पण भारतातून आलेले चांगले चालक इथे कशात नापास होतात, ते तपशिलाने सांगायला हवं, कारण 'मला तर येतं' या भरवशावर पहिली फी गमावणारे खूप असतात.

सगळ्यात मोठी गोष्ट आरशाची. पुण्या-मुंबईच्या रहदारीत मागच्या गाडीची खबर कानाला मिळते. हॉर्न वाजतो आणि आपल्याला कळतं, डावीकडून कुणी घुसतंय. इथे हॉर्न जवळपास वाजतच नाही, म्हणून ती सगळी खबर डोळ्यांनी घ्यावी लागते. वेग कमी-जास्त करण्याआधी, इंडिकेटर देण्याआधी, लेन बदलण्याआधी मधला आरसा आणि मग ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा आरसा, आणि हे इंडिकेटरच्या आधी. आपल्याकडे इंडिकेटर दिला की 'सांगितलं ना' म्हणून वळायला लागतात आणि आरसा मागाहून पाहतात. परीक्षक शेजारी बसून तुमच्या डोळ्यांचा हाच क्रम पाहत असतो. एकदा चुकला तर किरकोळ दोष, पण तोच दोष पुन्हा पुन्हा झाला तर त्याचा गंभीर दोष होतो. किरकोळ दोष १५ पर्यंत चालतात, गंभीर किंवा धोकादायक दोष एकही चालत नाही.

रस्त्याच्या कडेने गाडी काढताना उजव्या खांद्यावरून मागे वळून ब्लाइंड स्पॉट, म्हणजे आरशात न दिसणारा भाग, बघणं, हे दुसरं. आठ वर्षांत कुणी मान वळवायला सांगितलेलं नसतं, आणि परीक्षेत तुम्हाला अनेकदा कडेला थांबवून पुन्हा निघायला सांगतात. प्रत्येक वेळी मान वळली पाहिजे, रस्ता रिकामा दिसत असला तरीही.

राउंडअबाउटवर (मधे गोल बेट असलेल्या चौकात) उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. अडचण नियमाची नसते, अंदाजाची असते. आपल्याकडे गाडीचं नाक पुढे काढलं की समोरचा थांबतो. इथे तो थांबणार नाही असं धरूनच निघायचं. तुमच्यामुळे त्याला ब्रेक लावावा लागला किंवा दिशा बदलावी लागली तर तो गंभीर दोष. हे एकदा ऐकलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि दोन बसेस मावतील एवढी जागा असतानाही थांबून राहतात, तेही दोषातच मोजलं जातं. यावर उपाय एकच: जवळ येतानाच वेग दुसऱ्या गिअरइतका कमी करून उजवीकडे पाहायला लागायचं, म्हणजे रेषेपाशी पोचेपर्यंत निर्णय झालेला असतो. रेषेवर थांबून मग पाहायला सुरुवात करणाऱ्याला प्रत्येक गाडी वेगात आल्यासारखी वाटते.

'स्टॉप' पाटी आणि जाड सलग पांढरी रेषा असेल तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. रांगत रांगत पुढे जाणं हा गंभीर दोष आहे, रस्ता मैलभर मोकळा असला तरी. तुटक रेषेच्या 'गिव्ह वे'ला मात्र मोकळं असेल तर थांबायची गरज नाही, आणि तिथे उगाच थांबण्याचीही नोंद होते.

दिव्यांची भाषा उलटी आहे. भारतात समोरच्याने हेडलाइट मारला तर अर्थ 'थांब, मी येतोय'. इथले लोक सहसा 'जा तू' म्हणून मारतात, आणि हायवे कोड (रस्त्याच्या नियमांचं इथलं अधिकृत पुस्तक) म्हणतो की दिवा मारण्याचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच. परीक्षेत कुणी दिवा मारला तरी स्वतः पाहूनच निघा, आणि तुम्ही कुणाला दिवा मारून किंवा हात हलवून रस्ता ओलांडायला बोलावू नका. पादचाऱ्यांबाबत जानेवारी २०२२ पासून नियम अधिक स्पष्ट झाला आहे: तुम्ही ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडणारा किंवा ओलांडायला थांबलेला माणूस असेल, तर त्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्या नजरेला कडेला उभा असलेला माणूस 'थांबलेलाच' वाटतो, म्हणून ही चूक वारंवार होते. सायकलवाल्याला ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात ओलांडताना किमान दीड मीटर अंतर, आणि तेवढी जागा नसेल तर मागे राहायचं.

गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. अडथळा ज्याच्या बाजूला, त्याने थांबायचं. थांबायचं तेही अडथळ्याच्या नाकाला चिकटून नाही, दोन गाड्यांएवढं मागे, म्हणजे पुढचं दिसतं आणि निघताना स्टिअरिंग फार फिरवावं लागत नाही. लावलेल्या गाडीच्या बाजूने जाताना दार उघडेल एवढी, साधारण मीटरभर जागा सोडायची. तेवढी नसेल तर वेग अगदी कमी करायचा.

वेगाबद्दल दोन शब्द. नवखे घाबरून सावकाश चालवतात हे समजतं, पण अनुभवी भारतीय चालकही ३० च्या रस्त्यावर २२ ने जातात, 'सेफ' म्हणून. मोकळ्या रस्त्यावर तो दोष आहे. काळा तिरका पट्टा असलेली पांढरी गोल पाटी म्हणजे राष्ट्रीय मर्यादा: दुभाजक नसेल तर ६०, असेल तर ७०. त्याच वेळी पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर हवं, पावसात चार. ३० मैलांच्या वेगात गाडी थांबायला २३ मीटर लागतात, त्यातले ९ मीटर नुसता पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. सिंहगड रोडवर हे अंतर ठेवलं तर मधे तीन रिक्षा शिरतील. इथे कुणी शिरत नाही, तरीही जुनी सवय आपोआप अंतर कमी करते.

आणि क्लच. ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून सरकत राहायची सवय, आणि वळणाच्या आधीच क्लच पूर्ण दाबून गाडी सुटी सोडायची सवय, या दोन्ही मोडाव्या लागतात. वळण दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सोडलेला असताना घ्यायचं. थांबा लांबला की हँडब्रेक.

या यादीतलं तुमचं काय काय आहे, हे घरबसल्या कळत नाही. म्हणून कोर्सचे पैसे भरण्याआधी एका इन्स्ट्रक्टरबरोबर दोन तास घ्या. पहिला तास त्याला काही न शिकवता, परीक्षेसारखा ४० मिनिटं गाडी चालवून घ्यायला सांगा आणि दोष लिहून मागा. गंभीर दोष शून्य ते दोन निघाले आणि ते आरसे-ब्लाइंड स्पॉट प्रकारचे असले, तर एकूण आठ-दहा तास पुरतात. तीन-चार निघाले आणि त्यात राउंडअबाउटवरचे चुकीचे निर्णय असले, तर पंधराच्या घरात जा, पण महिनाभर पसरून. इन्स्ट्रक्टरला स्वतः ब्रेक मारावा लागला किंवा स्टिअरिंग धरावं लागलं, तर घाईचा विचारच सोडा. तासाला साधारण ३५ ते ४५ पौंड धरले तर या दोन तासांच्या खर्चात नको असलेले वीस तास वाचू शकतात.

दहा तासांची माझी पसंतीची मांडणी अशी: दोन तास वरच्या चाचणीचे. मग एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-दोन तासांची तीन सत्रं. पहिल्यात फक्त आरसे आणि गाडी काढणं, दुसऱ्यात राउंडअबाउट आणि लेन, तिसऱ्यात अरुंद गल्ल्या, पादचारी आणि रिव्हर्सचे प्रकार. परीक्षेच्या दोन-तीन दिवस आधी एक तासाची पूर्ण नक्कल परीक्षा, आणि परीक्षेच्या दिवशी त्याच्या आधीचा एक तास. मधल्या दिवसांत, मुदत शिल्लक असेपर्यंत, तुमचा ऑफिसचा रस्ता हाच सराव. रोज वीस मिनिटं मोठ्याने बोलत चालवा: 'मधला आरसा, डावा आरसा, इंडिकेटर, दुसरा गिअर, पादचारी नाही, जातो.' मराठीतच बोला. जीभ बोलली की डोळे तिकडे जातातच, आणि आठवड्याभरात न बोलताही जायला लागतात. जुनी सवय मोडायला याच्याइतकं स्वस्त साधन मला माहीत नाही.

वहिनींचं गणित निराळं आहे. इथे लायसन्स मिळवणारे सरासरी ४५ तास शिकवणी आणि २२ तास खासगी सराव करतात असं डीव्हीएसए सांगते. पाच दिवस रोज सहा तास म्हणजे ३०. तो आकडा अपुरा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याची वाटणी. पहिला दिवस छान जातो, गाडी हलते, थांबते, उत्साह असतो. दुसऱ्या दिवशी जंक्शन आणि राउंडअबाउट येतात. क्लच अजून अंगवळणी पडलेला नसतो, त्यामुळे सगळं लक्ष पायात अडकतं आणि नजर बॉनेटच्या पलीकडे जात नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी थकवा येतो आणि काल जमलेली गोष्टही आज बिघडते, गाडी बंद पडायला लागते. हा टप्पा प्रत्येक शिकणाऱ्याला येतो. आठवड्याला दोन सत्रं असतील तर मधे तीन दिवस मिळतात आणि तो आपोआप ओसरतो. कोर्समध्ये चौथ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा गाडीत बसायचं असतं, आणि 'मला हे जमणारच नाही' ही भीती पक्की होते. ती भीती घालवायला नंतर दुप्पट तास जातात. नवख्याने एका दिवसात दोन तासांच्या वर शिकू नये, तिसऱ्या तासात फक्त चुका घोटल्या जातात.

पाच दिवसांत हवाही एकच मिळते. एप्रिलमध्ये लख्ख उन्हात शिकलेला माणूस नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या अंधारात, ओल्या रस्त्यावर पहिल्यांदा एकटा निघतो.

स्कूटीचा अनुभव मात्र कमी लेखू नका. रहदारीचा अंदाज, समोरच्याचा हेतू ओळखणं हे वहिनींकडे आहे. त्यातून तीन गोष्टी मोडाव्या लागतील: डाव्या कडेला चिकटून चालणं (गाडी फुटपाथपासून साधारण मीटरभर हवी), दिसली फट की घुसणं, आणि गाडीची डावी बाजू आपल्यापासून किती लांब आहे याचा नसलेला अंदाज. या तिसऱ्यासाठी रिकाम्या वाहनतळात तास-दीड तास पांढऱ्या रेषांमध्ये गाडी लावत राहणं हा उत्तम उपाय आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या बेतात तो दडलेला दिसतो. 'मी शेजारी बसून तिला सराव देईन' हे चालणार नाही. सोबतच्या माणसाचं तीन वर्षं जुनं लायसन्स ब्रिटनचं किंवा युरोपातलं असावं लागतं, भारतीय लायसन्सची वर्षं त्यात धरत नाहीत. तुम्ही उद्या इथली परीक्षा पास झालात तरी पुढची तीन वर्षं तुम्ही वहिनींच्या शेजारी बसू शकत नाही. खासगी सरावासाठी तीन वर्षांहून जुनं इथलं लायसन्स असलेला मित्र शोधा आणि त्या गाडीवर वहिनींच्या नावाचा शिकाऊ चालकाचा विमा काढा. असा मित्र नसेल तर सगळे तास इन्स्ट्रक्टरबरोबरच होतील हे धरून खर्चाचा अंदाज करा.

गिअरची गाडी की ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर पुढे फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. तुमची घरची गाडी ऑटोमॅटिक असेल तर मी वहिनींना ऑटोमॅटिकच सुचवेन. क्लच गेला की लक्ष पहिल्या दिवसापासून रस्त्यावर जातं. घरोघरी जाणाऱ्या केअररचं किंवा कम्युनिटी नर्सचं काम समोर असेल आणि लायसन्सवर नोकरी अडली असेल, तर हा निर्णय अजूनच सोपा आहे.

वहिनींचं वेळापत्रक परीक्षेच्या लांबच्या तारखेत अचूक बसतं. थिअरी या महिन्यात, लगेच प्रॅक्टिकलची तारीख, जी पाच-सहा महिन्यांनंतरची मिळेल. तोपर्यंत दहा आठवडे, आठवड्याला दीड-दीड तासाची दोन सत्रं, म्हणजे ३० तास. पहिल्या बारा तासांत गाडीवर ताबा, डावी-उजवी वळणं, साधी जंक्शनं. त्यानंतर राउंडअबाउट, दुभाजकाचे रस्ते, गल्ल्या. त्या वेळी नक्कल परीक्षा घ्यायची. गंभीर दोष दोनच्या आत आले, तर परीक्षेआधीच्या दोन आठवड्यांत बारा तासांचा इंटेन्सिव्ह सराव, एका दिवशी दोन तास. दोनच्या वर राहिले, तर परीक्षेला पूर्ण दहा कामाचे दिवस उरलेले असतानाच तारीख पुढे ढकलायची. त्यात कमीपणा काही नाही, नापास झाल्यावर पुन्हा दहा कामाचे दिवस थांबून त्याच लांब रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बरं.

तुमच्या दोघांखेरीज हा कोर्स आणखी एका प्रकारच्या माणसाला चांगला लागू पडतो: तीस-चाळीस तास झालेले आहेत, थोडक्यात नापास झाला आहे आणि दुसरी तारीख हातात आहे. त्याला गुणपत्रिकेवरचे दोषच घेऊन सहा-आठ तास पुरतात.

कोर्सवाल्याला पैसे देण्याआधी काही गोष्टी लेखी विचारा. पुष्कळ कंपन्या फक्त मध्यस्थ असतात, पैसे त्या घेतात आणि शिकवणारा दुसराच येतो. त्याचं नाव विचारा आणि गाडीच्या काचेवर हिरवा अष्टकोनी बिल्ला आहे का पाहा. गुलाबी त्रिकोणी बिल्ला म्हणजे तो स्वतः अजून प्रशिक्षणात आहे. कायदेशीर आहे, पण पाच दिवसांचा दाट कोर्स त्याच्याकडून घेऊ नये. पाचही दिवस तोच माणूस आणि तीच गाडी असेल का, परीक्षेलाही तीच गाडी मिळेल का? 'रोज सहा तास' यात जेवणाची सुट्टी आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला घरून आणणं धरलंय का? काही ठिकाणी दोन शिकणारे एकाच गाडीत असतात, मग तीन तास तुम्ही मागच्या सीटवर असता. परीक्षेचं केंद्र कोणतं? मिल्टन कीन्सला राउंडअबाउटवर राउंडअबाउट येतात, लंडनच्या आतल्या भागात बस लेन आणि चौकात आखलेले, आत अडकून राहायचं नसतं असे पिवळे चौकोन. एकीकडे शिकून दुसरीकडे परीक्षा देणं म्हणजे नव्या गावात पहिल्याच दिवशी रस्ता शोधणं. आणि परीक्षा पुढे गेली तर पैशाचं काय, हे नक्की लिहून घ्या.

पाचव्या दिवशी दुपारी परीक्षा ठेवणारे कोर्स मी टाळायला सांगतो. सकाळी चार-पाच तास चालवून थकलेला माणूस दुपारी आरसा विसरतोच. त्या दिवशी आधी एक तास पुरे.

तुम्ही स्वतःच्या गाडीतून परीक्षा देणार असाल तर पुढे-मागे 'एल' पाट्या, परीक्षकासाठी आतला जादा आरसा, परीक्षेला लागू होणारा विमा, चांगले टायर आणि डॅशबोर्डवर एकही धोक्याचा दिवा पेटलेला नसणं आवश्यक आहे. यातलं काही कमी असेल तर परीक्षा तिथेच रद्द होते आणि फी जाते. प्रोव्हिजनल कार्ड बरोबर ठेवा. सुरुवातीला २० मीटरवरची नंबरप्लेट वाचायला सांगतात, चष्मा लागत असेल तर विसरू नका, ती वाचता आली नाही तर गाडी सुरू व्हायच्या आधीच नापास. मग साधारण ४० मिनिटं गाडी चालवणं, त्यातला मोठा भाग सॅटनॅव्ह (रस्ता सांगणारं यंत्र) किंवा पाट्यांच्या आधारे स्वतःहून. रस्ता चुकला तर दोष नाही, चुकलेल्या लेनमधून ऐनवेळी दुसरीत उडी मारली तर आहे. चुकलात तर चुकलेल्या दिशेनेच नीट जा, परीक्षक पुन्हा रस्त्यावर आणतो.

आता ते ६ पॉइंट. इथलं पहिलं पूर्ण लायसन्स मिळाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की ते रद्द होतं आणि थिअरीपासून सगळं पुन्हा करावं लागतं. भारतात आठ वर्षं चालवली असली तरी इथे तुम्ही नवेच चालक धरले जाता. गाडी चालवताना फोन हातात धरला, की एकाच वेळी ६ पॉइंट आणि २०० पौंड. त्यामुळे पास झालात त्याच संध्याकाळी फोनचा स्टँड बसवून घ्या.

आज रात्री करण्यासारखं एवढंच: दोघांनी प्रोव्हिजनलचे अर्ज भरायचे, आणि रहिवासी झाल्याची तारीख पासपोर्ट-व्हिसा पाहून कागदावर लिहून फ्रिजवर लावायची. इन्स्ट्रक्टर शोधायला पुढचा आठवडा आहे.